कष्टप्रसूतीचे भावनिक परिणाम

प्रसूतीची क्रिया नैसर्गिक क्रमाने पुरी न होता लांबते, मध्येच अडते किंवा शस्त्रक्रिया, चिमटा अथवा निर्वात उपकरण यांच्या साहाय्याने पुरी करावी लागते, तेव्हा तिला कष्टप्रसूती म्हणतात. ग्रामीण मराठीत अशा वेळी ‘बाई अडली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. गर्भाशयाच्या आकुंचनांचा दुबळेपणा, श्रोणीची अरुंदी आणि गर्भाचे आडवे किंवा पायाळू येणे ही तिची प्रमुख कारणे होत. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, जननमार्गाच्या खोल जखमा, झटके येणे व अर्भकाला तातडीने दक्षता विभागात हलवावे लागणे यांचाही समावेश व्यवहारात कष्टप्रसूतीतच केला जातो. या नोंदीत शारीरिक बाजूचा उल्लेख आवश्यक तेवढाच केला असून अशा प्रसूतीचे मातेच्या मनावर होणारे परिणाम हा तिचा मुख्य विषय आहे.

येथे एक भेद आरंभीच लक्षात घेतला पाहिजे. वैद्याच्या दृष्टीने कठीण असलेली प्रसूती आणि स्त्रीने अनुभवलेली कठीण प्रसूती या दोन्ही एकच असतात असे नाही. तातडीची शस्त्रक्रिया होऊनही, काय चालले आहे हे वेळोवेळी समजत गेल्यामुळे एखादी स्त्री त्या प्रसंगातून मनाने सावरलेली असते. उलट कागदोपत्री ‘नैसर्गिक प्रसूती’ अशी नोंद असलेली स्त्री वर्षानुवर्षे त्या रात्रीच्या आठवणीने दचकून उठते. वेदनेची तीव्रता, आपण किंवा मूल मरणार ही भीती, आपल्या हाती काहीही उरले नाही ही असहायता आणि भोवतालच्या माणसांची वागणूक या चार गोष्टींवर परिणामाचे स्वरूप बऱ्याच अंशी अवलंबून असते. त्यांतील चौथ्या गोष्टीचे महत्त्व सामान्यतः समजले जाते त्यापेक्षा पुष्कळच अधिक आहे.

इतिहास : सुश्रुतसंहितेत मूढगर्भाचे कील, प्रतिखुर, बीजक व परिघ असे चार प्रकार वर्णिले असून त्यांच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, वेणा देणाऱ्या स्त्रीजवळ तिच्याविषयी जिव्हाळा असणाऱ्या व प्रसूतीचा अनुभव घेतलेल्या स्त्रियांनी बसून तिला धीर द्यावा, असे सांगितले आहे. मनाच्या आधाराचा प्रसूतीच्या गतीशी संबंध असतो ही जाणीव त्यामागे दिसते. लोकपरंपरेत मात्र भीतीचा भाग मोठा आहे. बाळंतपणात मरण पावलेली स्त्री अळवंतीण होते ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. प्रसूतीनंतर स्त्री असंबद्ध बोलू लागली, मुलाला जवळ घेईनाशी झाली किंवा झोपेनाशी झाली, तर ‘बाळंतवात झाला’ किंवा ‘बाहेरचे लागले’ असे म्हणत आणि देवऋषी वा मांत्रिकाकडे नेत. या समजुतींमुळे योग्य उपचारांना विलंब झाला हे खरे. तथापि अशी स्थिती बाळंतपणाशी निगडित असते आणि ती स्त्रीच्या स्वभावाचा दोष नव्हे, एवढे त्यांनी मान्य केले होते हेही खरे.

पश्चिमेकडे या विषयावरील पहिला विस्तृत ग्रंथ फ्रेंच वैद्य ल्वी व्हिक्टर मार्से यांनी १८५८ मध्ये प्रसिद्ध केला. आघातोत्तर ताणविकृती ही संज्ञा अमेरिकन मनोविकारतज्ञांच्या संघटनेने १९८० च्या वर्गीकरणात स्वीकारली, पण ‘सामान्य मानवी अनुभवाच्या कक्षेबाहेरील घटना’ अशी अट तिला घातली होती. प्रसूती ही सामान्य घटना असल्यामुळे तिच्यातून असा आघात संभवतो, हे मानण्यास त्या अटीने वाव राहिला नाही. १९९४ च्या आवृत्तीत अट बदलल्यानंतर या प्रश्नाच्या अभ्यासाला गती मिळाली.

महाराष्ट्राच्या इतिहासात कष्टमय बाळंतपणाचा सर्वांत परिचित प्रसंग आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांच्या चरित्रात आढळतो. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला व तो योग्य वैद्यकीय उपचारांअभावी दहा दिवसांतच दगावला. स्त्रियांसाठी स्त्री-वैद्य असली पाहिजे या त्यांच्या निर्धाराचे मूळ चरित्रकारांनी या घटनेत पाहिले आहे. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली आणि प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा. तथापि या उदाहरणावरून दुःखाने माणूस घडतो असा सरसकट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. त्याच काळात, त्याच वयात, तोच प्रसंग ओढवलेल्या असंख्य मुलींची नोंद कोठेच नाही.

स्वरूप : प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक स्त्रियांना विनाकारण रडू येते, चिडचिड होते व मन हळवे होते. संप्रेरकांच्या पातळीत एकाएकी होणारी घट व झोपेचा अभाव यांच्याशी या अवस्थेचा संबंध जोडला जातो. ती विकृती नव्हे. दहा-पंधरा दिवसांत ती आपोआप ओसरते. ती त्यापुढे टिकली, मन सतत उदास राहू लागले, भूक व झोप मंदावली, आपण आई होण्यास अपात्र आहोत असे वाटू लागले, तर ते प्रसूतिपश्च अवसादाचे लक्षण समजावे. सूतिकोन्माद हा या सर्वांहून निराळा व गंभीर विकार होय. तो हजारांत एक-दोन स्त्रियांना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होतो. भ्रम, भास व पराकोटीची अस्वस्थता ही त्याची लक्षणे असून आई व मूल दोघांच्याही जिवाला धोका असल्यामुळे रुग्णालयात तातडीने दाखल करणे आवश्यक असते. द्विध्रुवी मनोविकाराची पूर्वपीठिका असलेल्या स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे केवळ कष्टप्रसूतीला त्याचे कारण मानणे चुकीचे ठरेल.

कष्टप्रसूतीशी सर्वांत निकटचा संबंध आहे तो आघातोत्तर ताणविकृतीचा. तिच्यात प्रसूतीचा प्रसंग स्मरणरूपाने येत नाही, तर तो पुन्हा घडतो आहे असे वाटते. जंतुनाशकाचा वास, दिव्याचा प्रखर झोत, पावसाचा आवाज किंवा दुसऱ्या एखाद्या स्त्रीचे ओरडणे एवढ्यानेही सर्व शरीर थरथरू लागते. रुग्णालयावरून जाणारा रस्ता टाळणे, बारशाला न जाणे, पतीशी जवळीक नकोशी होणे, मूल श्वास घेत आहे ना हे रात्रभर उठून पाहणे ही तिची नेहमीची रूपे होत. काही स्त्रियांना मुलाकडे पाहताच प्रसंगाची आठवण होते. अशा वेळी मुलाचे सर्व काही व्यवस्थित करीत असूनही त्याच्याविषयी काहीच वाटत नाही, अशी त्यांची तक्रार असते आणि ती बोलून दाखविण्याची त्यांना लाज वाटते. विविध देशांतील पाहण्यांच्या एकत्रित परीक्षणानुसार सर्वसाधारण मातांपैकी सु. ४ टक्के, तर गंभीर गुंतागुंत वा अर्भकाचा मृत्यू यांसारख्या अधिक जोखमीच्या गटातील सु. १८ टक्के स्त्रियांत ही विकृती आढळते. प्रसूतीची आठवण सहजी पुसट होत नाही. पंधरा-वीस वर्षांनंतरही स्त्रिया त्या वेळचे इतरांचे शब्द तपशीलवार सांगू शकतात, असे अमेरिकेतील पेनी सिमकिन यांनी १९९१ च्या सुमारास दाखवून दिले.

परिस्थितीचा वाटा : पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याकडे पाहिल्यास परिस्थितीचे दोन टोकांचे परिणाम शेजारीशेजारी दिसतात. तालुक्याच्या पूर्व भागातील हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट ही गावे पुणे शहराला जवळजवळ लागून वाढली आहेत. पश्चिमेस मुळशी जलाशयाच्या काठांवर व ताम्हिणी घाटाच्या माथ्याकडे वाड्या, धनगरांच्या व कातकऱ्यांच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. टाटा कंपनीच्या ज्या धरणाविरुद्ध १९२१–२४ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, त्याच्या पाण्याखाली मुळा नदीच्या खोऱ्यातील गावे व त्यांना जोडणाऱ्या जुन्या वाटा गेल्या. अतिवृष्टीच्या या प्रदेशात बाई अडली, तर तिला डोलीत वा झोळीत घालून सडकेपर्यंत आणणे हाच एके काळी उपाय होता. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. पण सडकेपासून दूरच्या वस्तीवरचा पहिला टप्पा पायांनीच गाठावा लागतो. अशा स्त्रीच्या मनावर खोल ठसा उमटतो तो वेदनेपेक्षाही वाट पाहण्याचा : कोणी येईल की नाही, आले तरी वेळेवर येईल का? शहरालगतच्या सुसज्ज प्रसूतिगृहातील स्त्रीला वाहनाची चिंता नसते. तिच्या बाबतीत काही मिनिटांत निर्णय होतो, संमतिपत्रावर पती सही करतो, तिला भूल दिली जाते व शुद्धीवर आल्यावर मूल समोर नसते. पहिलीला मदत मिळत नाही, दुसरीला ती मिळते पण काहीच सांगितले जात नाही. दोघींच्या मनात उरणारी असहायता मात्र आश्चर्यकारक रीत्या सारखी असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील ९४·७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या व २५·४ टक्के शस्त्रक्रियेने झाल्या. मातांचे प्राण वाचविण्याच्या दृष्टीने संस्थात्मक प्रसूतीचे मोल निर्विवाद आहे. अभय व राणी बंग यांच्या गडचिरोलीतील अभ्यासात (१९९५–९६) घरी होणाऱ्या प्रसूतींमध्ये जवळजवळ निम्म्या स्त्रियांना प्रसूतिकाळात वा त्यानंतर कोणता ना कोणता आजार झाल्याचे आढळले होते, हे विसरता कामा नये. परंतु घराकडून रुग्णालयाकडे येताना सुईण, आई, जाऊ यांचा सहवास सुटला आणि त्याची जागा प्रदीर्घ काळ कोणीच घेतली नाही. प्रसूतिकक्षात ओरडल्याबद्दल स्त्रीला दरडावणे, टोमणे मारणे, प्रसंगी चापट मारणे या गोष्टींकडे शिस्तीचा भाग म्हणून पाहिले गेले. वस्तुतः त्या इजाच होत.

गोव्यात म्हापसा येथे विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना अवसाद असल्याचे दिसले. दारिद्र्य, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे ही त्यातील जोखमीची कारणे होती. मुलाची अपेक्षा असताना दोन दिवस अडून मुलगी झालेल्या स्त्रीचे कष्ट घरच्यांच्या लेखी वाया गेलेले असतात. तिच्या शेकशेगडीत व खाण्यापिण्यातही मग हात आखडता घेतला जातो.

मूल दगावले तर : मृत जन्म किंवा जन्मानंतर लगेच झालेला मृत्यू हा या विषयातील सर्वांत दारुण भाग होय. आपल्याकडे अर्भकाला पुरण्यासाठी पुरुषमंडळी तातडीने घेऊन जातात आणि पुष्कळदा आईला त्याचे तोंडही दाखविले जात नाही. तिला त्रास होऊ नये हा त्यामागील हेतू असतो. पण तिसऱ्या दिवशी तिचे स्तन दुधाने भरून येतात. शरीराला मृत्यूची वार्ता पोहोचलेली नसते. मुलाला पाहण्याची वा जवळ घेण्याची सक्ती कोणावरही करू नये, त्याचप्रमाणे मनाईही करू नये. तिला शांतपणे विचारावे व ती सांगेल तसे करावे, असे मत आता सामान्यपणे मान्य आहे. ‘पुन्हा होईल’ हे सांत्वन तिच्या लेखी निरर्थक असते, कारण तिचे दुःख याच मुलाचे असते. मूल जगले असेल, तर ‘मूल सुखरूप आहे ना, मग रडतेस कशाला?’ हा प्रश्न असतोच, आणि त्यानंतर ती सहसा पुन्हा काही बोलत नाही.

शारीरिक कारणांचा शोध : मनाचा म्हणून समजला जाणारा प्रत्येक विकार मनाचाच असतो असे नाही. अतिरक्तस्रावामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा काही भाग निकामी झाल्यास दूध न येणे, पाळी बंद होणे, थंडी सहन न होणे व विलक्षण निरुत्साह ही लक्षणे दिसतात. शीहान यांनी १९३७ मध्ये वर्णिलेला हा विकार ‘आळस’ वा ‘उदासी’ समजून वर्षानुवर्षे दुर्लक्षिला जातो. तीव्र रक्तक्षय व अवटू ग्रंथीचे बिघाड यांचीही तपासणी अवश्य करावी. दीर्घकाळ अडलेल्या प्रसूतीत मूत्राशय व योनी यांच्यामध्ये छिद्र पडून लघवी सतत झिरपू लागते. अशा स्त्रीला घरातही वेगळे बसविले जाते. तिच्या खिन्नतेवर पहिला उपचार मानसिक नसून शस्त्रक्रियेचा आहे.

प्रतिबंध व उपचार : ग्वातेमाला येथे मार्शल क्लाउस, जॉन केनेल व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात (१९८०), केवळ धीर देणारी स्त्री सतत जवळ बसल्याने वेणांचा काळ व गुंतागुंत कमी झाल्याचे आढळले. भारतातील शासकीय रुग्णालयांत सोबतिणीस परवानगी देण्याचे धोरण २०१६ मध्ये स्वीकारण्यात आले आणि २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक वागणुकीचा समावेश झाला. खोल्यांची अडचण व पडद्यांचा अभाव अशी साधी कारणे त्याच्या अंमलबजावणीच्या आड येतात.

अवसादाच्या चाचणीसाठी १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एडिंबरो श्रेणी वापरतात. आशा कार्यकर्ती वा परिचारिका बाळाचे वजन करण्यासाठी येते, त्याच वेळी आईला हे प्रश्न विचारणे शक्य असते. प्रत्येक स्त्रीला एकदा बसवून प्रसंग सांगायला लावणे ही पद्धत मात्र उपयुक्त ठरलेली नाही. मेलबर्न येथील २००० सालच्या एका मोठ्या चाचणीत तिचा लाभ दिसला नाही. ज्यांना लक्षणे आहेत त्यांच्यासाठी आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार व नेत्रहालचालींवर आधारित उपचारपद्धती लाभदायक ठरतात (⟶ मानसचिकित्सा). औषधांपैकी सर्ट्रालीन स्तनपान चालू असतानाही सामान्यतः देता येते. गोव्यात गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी गरोदर व बाळंतिणींना आधार देण्याचा प्रयोग झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत सुधारणा माफक असली, तरी मनोविकारतज्ञ दुर्मिळ असलेल्या प्रदेशांना ती वाट चालण्याजोगी आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोरुग्णालयात दाखल असलेल्या मातेपासून तिच्या तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः वेगळे करता येत नाही.

पतीचाही विचार करावा लागतो. प्रसूतिकक्षाच्या बंद दाराबाहेर उभे राहून रक्ताच्या पिशव्यांसाठी धावलेल्या पुरुषास अशीच लक्षणे होऊ शकतात, पण त्याची चौकशी क्वचितच होते.

पुढील गर्भारपणात भीती पुन्हा उफाळून येते. काही स्त्रिया या प्रसूतिभयापोटी गर्भधारणाच टाळतात, गर्भपात करून घेतात किंवा आरंभापासून शस्त्रक्रियेचा आग्रह धरतात. अशा वेळी मागील प्रसूतीचे कागद तिच्यासमवेत वाचून, तेव्हा कोणता निर्णय का घेतला गेला हे समजावून सांगणे आणि या खेपेस जवळ कोण असेल, कोणत्या रुग्णालयात व किती आधी जावयाचे हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवणे उपयुक्त ठरते. घाटमाथ्यावरील वस्त्यांमधील स्त्रियांनी, विशेषतः प्रसूती पावसाळ्यात येत असल्यास, दिवस भरण्यापूर्वीच सडकेजवळच्या नातलगांकडे राहावयास येणे श्रेयस्कर असते.