मंत्रचळ आणि मेंदू : एका शोधाचा मागोवा

मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी, या आजाराचे धागेदोरे मेंदूत शोधायला वैद्यकाने बराच उशीर केला. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल यांनी १८३८ साली एका स्त्रीची हकिकत नोंदवली. दुसऱ्याची मौल्यवान वस्तू आपल्या बोटांना चिकटून येईल या धास्तीने ती सतत हात चोळत असे, आणि हे वागणे विचित्र आहे हे तिला पुरते ठाऊक होते. कळत असूनही थांबता न येणे हेच या आजाराचे खरे कोडे.

पुढे १९०९ मध्ये फ्रॉइड यांनी ‘रॅट मॅन’ या रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मूळ कारण मनातल्या दडपलेल्या संघर्षात शोधले. हे उत्तर आकर्षक होते. पण रुग्णांच्या पदरात त्यातून फारसे काही पडले नाही. त्याच सुमारास एक महत्त्वाचा दुवा मात्र दुर्लक्षित राहिला. १९१७ च्या आगेमागे युरोपात निद्रारोगी मेंदूज्वराची साथ आली. त्यातून वाचलेल्या काहींना कंपवातासारखी लक्षणे जडली, तर काहींना त्यांबरोबर मोजणे, तेच ते शब्द घोकणे अशा अनिवार कृतीही. हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या खोलवरच्या बेसल गँग्लियाचा आणि मंत्रचळाचा संबंध तेव्हाच ताडता आला असता.

१९६० च्या दशकात दोन वाटा फुटल्या. नैराश्यावरचे क्लोमिप्रामिन मंत्रचळावरही चालते, असे स्पेनमधील डॉक्टरांना आढळले. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी रुग्णांना भीतीच्या वस्तूंना सामोरे जायला लावले आणि त्यानंतरची धुण्यापुसण्याची कृती करू दिली नाही. आजच्या वर्तनोपचाराचा पाया तो हाच.

मेंदूत काय घडते ते प्रत्यक्ष दिसले १९८७ मध्ये. लुइस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांच्या पेट स्कॅनमध्ये रुग्णांच्या डोळ्यांमागच्या ऑर्बिटोफ्रंटल भागात आणि बेसल गँग्लियाचाच भाग असलेल्या कॉडेट केंद्रकात ग्लुकोजचा वापर जास्त आढळला. ऑर्बिटोफ्रंटल भाग ‘काहीतरी चुकले आहे’ याची दखल घेतो. तिथून संदेश कॉडेटमार्गे थॅलॅमसकडे जातो आणि पुन्हा मेंदूच्या बाह्यस्तरात परततो. या फेऱ्याला लगाम बसत नाही, म्हणून हात धुऊन झाले तरी ‘झाले’ ही जाणीव पटत नाही, असे या मांडणीचे सार.

याच गटाचा १९९२ चा निष्कर्ष त्याहून बोलका आहे. फ्लुऑक्सेटीन हे सेरोटोनिनवर काम करणारे औषध घेऊन सुधारलेल्यांत आणि केवळ वर्तनोपचाराने सुधारलेल्यांत कॉडेटमधला बदल सारखाच निघाला. ‘मनाचा आजार की मेंदूचा’ हा वाद त्यानंतर निरर्थक ठरायला हवा होता.

सेरोटोनिन या मेंदूतल्या रासायनिक संदेशवाहकाच्या कमतरतेमुळे मंत्रचळ होतो, हे सोपे स्पष्टीकरणही अपुरेच. असे औषध सेरोटोनिनवर काही तासांतच परिणाम करते, पण गुण यायला आठ-बारा आठवडे जातात. ऑर्बिटोफ्रंटल भाग ते थॅलॅमस या फेऱ्याच्या, म्हणजेच मंडलाच्या, कल्पनेला प्राण्यांवरील प्रयोगांतून अधिक बळ मिळाले. २००७ मध्ये एक जनुक निकामी केलेले उंदीर तोंडाला जखमा होईपर्यंत स्वतःला साफ करत राहिले. २०१३ मध्ये प्रकाशाने हे मंडल रोज उत्तेजित केल्यावर धडधाकट उंदरांतही ही सवय बळावत गेली. दरम्यान, १९९९ पासून अतितीव्र आजारात मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याचे उपचार बेल्जियममध्ये सुरू झाले होते.

स्कॅनमधले हे फरक मात्र रुग्णगटांच्या सरासरीत दिसतात. एकट्या रुग्णाचा स्कॅन पाहून मंत्रचळाचे निदान करता येत नाही. ते आजही रुग्णाशी बोलून, त्याची लक्षणे विचारूनच केले जाते.