बाळाची पहिली शाळा : आपलंच घर

महागडी खेळणी आणली म्हणजे मूल हुशार होतं असं मुळीच नाही. कणकेचा गोळा, जुनी साडी, डब्यांची झाकणं आणि मोठ्यांचा थोडासा वेळ एवढ्या भांडवलावर दोन-अडीच वर्षांचं मूल पुष्कळ काही शिकतं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कोलकात्याच्या बागबाजारात एका विदेशी शिक्षिकेनं हाच धडा गिरवला होता.

पहिल्या वाढदिवसाला मामानं भाच्यासाठी झकास खेळणं आणलेलं असतं. बटण दाबलं की दिवे लागतात, गाय हंबरते, कोंबडा आरवतो. सगळं घर कौतुकानं भोवती जमतं. बाळ दोन-चार वेळा बटण दाबतं, मग खेळणं बाजूला सारून त्याच्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसतं आणि तासभर तिथंच रमतं. मामा हिरमुसतो. आजी मात्र हसून म्हणते, ‘‘अरे, पैसे खेळण्याचे दिलेस, पण आवडला त्याला खोकाच!’’

बाळाचं यात काही चुकत नाही. बटणाच्या खेळण्यात करण्यासारखं सगळं खेळणंच करतं. बाळानं फक्त बघायचं असतं. खोक्याचं मात्र घर होतं, गाडी होते, टोपी होते. तो ढकलता येतो, उलटा करता येतो, त्यात चमचे टाकून पुन्हा काढता येतात. एक ते तीन वर्षांच्या वयात मूल शिकतं ते हातानं. उचलणं, टाकणं, ओतणं, फाडणं, चुरगळणं यातूनच जड-हलकं, लहान-मोठं, ओलं-कोरडं या गोष्टी त्याला कळत जातात आणि पुढं पेन्सिल धरायला लागणारी बोटांची ताकदही येते.

बोसपाड्यातलं ते घर

खेळातून शिकण्याचा हा विचार आपल्याकडे लवकर जिथं रुजला, त्या जागांपैकी एक म्हणजे उत्तर कोलकात्यातलं बागबाजार. एका अंगाला गंगेचा घाट, पलीकडे मूर्तिकारांची कुमारटुली आणि मधे जुन्या घरांच्या चिंचोळ्या गल्ल्या. त्यातल्याच बोसपाडा लेनमधल्या १६ क्रमांकाच्या घरात १३ नोव्हेंबर १८९८ या दिवशी, कालीपूजेच्या मुहूर्तावर, श्रीशारदामातांच्या हस्ते मुलींची एक लहानशी शाळा सुरू झाली. चालवणारी होती मार्गारेट नोबल, म्हणजेच भगिनी निवेदिता.

स्वामी विवेकानंदांची शिष्या म्हणून निवेदिता सर्वांना ठाऊक आहेत. पण त्या हाडाच्या शिक्षिका होत्या, हे फारसं लक्षात घेतलं जात नाही. भारतात येण्यापूर्वी लंडनजवळच्या विंबल्डनमध्ये त्यांनी स्वतःची शाळा चालवली होती. पेस्टालॉझी आणि फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञांच्या विचारांचा त्यांचा अभ्यास होता. फ्रोबेलनं १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी जी शाळा काढली, तिलाच पुढं त्यानं ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. लाकडी ठोकळे, चेंडू, कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम अशा गोष्टींतून मुलानं शिकावं, हे त्याचं सूत्र.

हे सूत्र घेऊन निवेदिता बागबाजारात आल्या खऱ्या, पण इथं मुली मिळवण्यापासून अडचण होती. घरोघर जाऊन त्यांना आईवडिलांची मनं वळवावी लागली. मुलींची लग्नं लहान वयात होत, त्यामुळे हाती येणारी वर्षंही थोडी. त्यात पैशाची चणचण अशी, की १८९९ मध्ये निधी गोळा करण्यासाठी त्यांना पश्चिमेकडे जावं लागलं आणि शाळा थांबली. १९०२ मध्ये परत आल्यावर ती पुन्हा उभी राहिली. लिहिण्यावाचण्याच्या जोडीला चित्रं, शिवण आणि मातीकाम यांना तिथं मानाचं स्थान होतं. १९०६ च्या कोलकाता काँग्रेसच्या वेळी भरलेल्या प्रदर्शनात वज्राचं चिन्ह असलेला जो ध्वज मांडला होता, तो याच शाळेतल्या मुलींनी भरला होता.

परदेशातली पद्धत जशीच्या तशी इथं आणून भागणार नाही. मुलाचं शिक्षण त्याच्या घरातल्या, ओळखीच्या गोष्टींपासून सुरू व्हायला हवं, हे निवेदितांनी पुढं आपल्या शिक्षणविषयक लेखनात आग्रहानं मांडलं. त्यांच्या शाळेतल्या मुली आपल्या रांगत्या-धावत्या बाळांपेक्षा मोठ्या होत्या, पण धडा सगळ्या वयांना लागू आहे. बंगालच्या घरात तीन गोष्टी पूर्वापार होत्याच : माती, आल्पना आणि कांथा. महाराष्ट्राच्या घरातही त्या आहेत. फक्त नावं वेगळी. त्यांच्यापासूनच सुरुवात करू या.

माती नाही तर कणीक

कुमारटुलीत गंगेकाठच्या मातीतून दुर्गेच्या मूर्ती घडतात. आपल्याकडे गणपतीला शाडू येतो. रंग न मिसळलेली थोडी शाडूची माती हवाबंद डब्यात ओली ठेवली, तर मुलाला वर्षभर पुरते. पण जे मूल हाती येईल ते तोंडात घालतं, त्याच्यासाठी कणीकच बरी. पोळ्यांच्या कणकेतला लिंबाएवढा गोळा काढून त्याला तेलाचा हात लावा. पिवळ्या रंगासाठी चिमूटभर हळद आणि गुलाबीसाठी बिटाचा रस घातला की झालं.

आधी काही करून दाखवू नका. मूल गोळा दाबेल, त्यात बोट खुपसेल, तुकडे तोडेल. दोन-तीन दिवसांनी शेजारी बसून आपण एक लांब वळी करायची आणि म्हणायचं, ‘‘हा बघ साप!’’ मग ते तसं करू पाहील. पोळपाटावर वाटीनं गोल कापणं, काट्याचमच्यानं नक्षी उठवणं हे पुढचे टप्पे. खेळून झाल्यावर ही कणीक टाकून द्यावी. बाजारात किंवा पुस्तकांत दिसणारं भरपूर मिठाचं पीठ या वयाला नको. ते पोटात गेलं तर अपाय होतो.

आल्पना आणि रांगोळी

कोजागरीच्या लक्ष्मीपूजेला बंगाली घरांत तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या पाण्यानं आल्पना काढतात. भाताच्या लोंब्या आणि लक्ष्मीची इवलीशी पावलं दारापासून देव्हाऱ्यापर्यंत जातात. ही कला लहान मुलाला फार सोयीची आहे, कारण तिला हत्यार लागतं ते बोटाचं. दोन चमचे तांदळाची पिठी पाण्यात ताकाइतकी पातळ कालवा. बाल्कनीच्या फरशीवर किंवा काळ्या पाटीवर मुलाला त्यात बोट बुडवून हवं ते काढू द्या. ओलं असताना रेघ फिकी दिसते आणि वाळली की पांढरीशुभ्र होते. हा चमत्कार मूल डोळे विस्फारून बघतं. रांगोळीची दगडी पूड मात्र डोळ्यांत, नाकात जाते. ती या वयात नको.

याच पिठाच्या पाण्यानं अंगणात एक लांब सरळ रेघ ओढा. तिच्यावरून तोल सांभाळत चालण्याचा खेळ दोन वर्षांनंतर मुलांना खूप आवडतो. पुढं रेघ वळणाची करावी. भेंडीचं देठाकडचं टोक कापून किंवा अर्धा बटाटा घेऊन हळदीच्या, बिटाच्या, पालकाच्या रसात बुडवला की कागदावर ठसे उमटतात. कापण्याचं काम अर्थात मोठ्यांचं. ठसे मारायचं काम संपूर्ण मुलाचं, मग कागदाचा चिखल झाला तरी चालेल!

कांथा आणि गोधडी

जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्यानं शिवलेला बंगालचा कांथा म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी बहीण. दोन्हींत नवं जन्मलेलं बाळ गुंडाळलं जातं. त्याच जुन्या साडीतून बाळाचं पहिलं पुस्तक होतं. तळहाताच्या दुप्पट आकाराचे सहा चौकोनी तुकडे दुहेरी शिवून घ्या. एका पानावर खणाचा तुकडा, दुसऱ्यावर मऊ फ्लॅनेल, तिसऱ्यावर काठाची जर, चौथ्यावर खरखरीत गोणपाट, पाचव्यावर खिसा आणि त्यात लपलेला रुमाल, सहाव्यावर बंद लावायला एक नाडी. सगळी पानं एका बाजूनं घट्ट टाचली की पुस्तक तयार. फाटत नाही, धुता येतं, आणि ‘‘ही आजीची साडी, हा आत्याचा खण’’ असं सांगत वाचता येतं. उरलेल्या चिंध्या मोज्यात कोंबून तोंड शिवलं की चेंडू होतो. काच फुटण्याची भीती नाही.

स्वयंपाकघरातले खेळ

आई किंवा बाबा ओट्याशी असताना मूल पायात घुटमळतंच. त्याला खाली परातीजवळ बसवून कामाला लावावं.

झाकणं जुळवा : लहान-मोठे चार डबे आणि त्यांची झाकणं वेगळी करून द्या. कोणतं कुठं बसतं ते मूल आपलं आपण शोधतं. चुकलेलं झाकण बसतच नाही, त्यामुळे ‘चूक’ म्हणायला कुणी लागत नाही.

ओतू या : परातीत दोन पेले आणि थोडं पाणी. पाणी सांडलं तर पुसायला मुलाच्या हातात फडका द्यावा. पुसणं हाही त्याला खेळच वाटतो.

निवडू या : बटाटे एका टोपलीत, लिंबं दुसरीत. मग मोठे बटाटे, छोटे बटाटे. मोजणीची सुरुवात अशीच होते.

मोजे शोधा : वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावणं. घरकामही उरकतं.

फाडा आणि चिकटवा : जुनी वर्तमानपत्रं फाडायची पूर्ण परवानगी द्या. कणकेची पातळ खळ शिजवून, गार करून बोटानं लावायची आणि तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवायचे.

हे मात्र विसरू नका

तीन वर्षांखालच्या मुलाला चिंचोके, मणी, बटणं, नाणी, शेंगदाणे, वाटाणे असं काहीही खेळायला देऊ नये. घशात किंवा नाकात अडकण्याचा धोका असतो. बटणासारखे चपटे सेल तर त्याच्या हाती लागताच कामा नयेत; गिळले गेले तर तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं. प्लास्टिकच्या पिशव्या, लांब दोऱ्या आणि फुगेही दूर ठेवावेत. बादलीतल्या थोड्याशा पाण्यापाशीही मुलाला एकटं सोडू नये. आणि गरम कढई, सुरी, विळी त्याच्या खेळाच्या जागेपासून लांब असावी.

खेळ दहा मिनिटं चालला तरी पुष्कळ. या वयात लक्ष तेवढंच टिकतं. मूल उठून गेलं तर त्याला ओढून बसवू नये. शेजारच्या पिंकीला जमतं ते याला का जमत नाही, हा प्रश्न तर तोंडातून निघूच नये. काही मुलं आधी धावतात, काही आधी बोलतात. बोलणं, चालणं किंवा ऐकणं याबद्दल खरोखरच शंका वाटली, तर शेजारणीला विचारण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

अंगणातली शाळा

बागबाजारातल्या प्रयोगासारखंच काम पुढं महाराष्ट्रात झालं. मॉंटेसरी पद्धतीची महागडी साधनं गरीब मुलांना कशी परवडणार, हा प्रश्न ताराबाई मोडक यांना पडला. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी इथं (आता हे गाव पालघर जिल्ह्यात येतं) त्यांनी काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ जन्मली. पानं, फुलं, शंख-शिंपले, खडे, काटक्या हीच तिथली साधनं. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांनी हेच नाव घेतलं.

आज नोकरी करणाऱ्या आईवडिलांना मुलाला वेळ देता येत नाही याची रुखरुख असते आणि ती भरून काढायला मोठं खेळणं घरी येतं. पण मुलाला हवी असते ती सोबत. रोज वीस मिनिटं, दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवून, कुणीतरी जमिनीवर त्याच्या शेजारी बसावं. बाबा बसोत, आजोबा बसोत. त्यांनी शिकवायला नको, फक्त बघायचं आणि विचारायचं, ‘‘हे काय केलंस रे?’’ उत्तर बोबडं असेल, पण त्याला भाषा तिथंच मिळते.

बोसपाडा लेनमधलं ते घर आज निवेदितांचं स्मारक म्हणून जपलं आहे आणि त्यांनी सुरू केलेली शाळा बागबाजारातच, त्यांच्या नावाच्या गल्लीत, अजून भरते. आपल्या घरातल्या शाळेला तेवढीही जागा लागत नाही. एक परात, कणकेचा एक गोळा आणि मांडी घालून बसलेलं एक मोठं माणूस, एवढं पुरतं. आणि हो, बाळानं केलेला तो वाकडातिकडा साप लगेच मोडू नका. संध्याकाळी बाबा घरी येईपर्यंत तो कपाटावर असायला हवा.