रोडगे, वाती आणि रात्रीचा सिनेमा

आश्विन उतरणीला लागला की यवतमाळ जिल्ह्यात कुणालाच फुरसत नसते. सोयाबीनची मळणी नुकतीच उरकलेली, कपाशीची बोंडे फुटू लागलेली, घरात दिवाळीचा पसारा आणि शाळकरी पोरांची सहामाही. तरीही घराघरांतला एखादा साधा कामाचा दिवस नीट पाहिला, तर त्यात काहीतरी भाजले जात असते, कुणाचे हात उगाच काहीतरी घडवत असतात आणि रात्री सगळे मिळून काहीतरी बघत असतात. हौसेसाठी वेगळी सुट्टी काढावी लागते ही समजूत अलीकडची आहे. या जिल्ह्यात हौस कामाच्या पोटातच वाढली.

पहिल्या वेचणीच्या दिवशीचे सीतादही घ्या. कापूस वेचायला सुरुवात करण्याआधी वावरात कपाशीच्या झाडांपाशी पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे गेलेला प्रत्येक क्षण पैशाचा असतो. तरी बायका या पूजेला वेळ काढतात.

भाजण्याचे सांगायचे तर आधी रोडग्यांचेच सांगितले पाहिजे. ओव्हन घरात येण्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून विदर्भातला माणूस भट्टीविना भाजतो आहे. गव्हाचे जाडसर दळलेले पीठ, मीठ, ओवा आणि तेलाचे चांगले मोहन. पीठ घट्ट मळायचे, मध्ये तेल लावून पदर घालायचे आणि गोळे वळायचे. तोवर बाहेर गोवऱ्यांचा जगरा पेटवलेला असतो. त्याच्या ज्वाळा पूर्ण बसून लाल निखारा राहिला की गोळे त्यावर मांडायचे, उलटत राहायचे आणि शेवटी गरम राखेत दाबून ठेवायचे. शेणाच्या गोवरीची धग लाकडासारखी भडकत नाही, ती सावकाश जळते. राख उष्णता धरून ठेवते आणि गोळ्याला एकदम चटका बसू देत नाही. त्यामुळे आतल्या पाण्याची वाफ होऊन पीठ शिजायला वेळ मिळतो. पिठातला स्टार्च ६०-७० अंश सेल्सिअसच्या आसपास फुगून शिजू लागतो, तर वरच्या कवचाला तांबूस रंग आणि खमंग वास यायला साधारण १४० अंशांच्या वरची कोरडी उष्णता लागते. ही दोन्ही तापमाने एकाच गोळ्यात साधायची असतात. पावाच्या भट्टीत कारागीर जे साधतो, तेच दारव्ह्याच्या किंवा दिग्रसच्या एखाद्या वावरात मारुतीच्या देवळासमोर बसलेली माणसे थर्मामीटर न लावता साधतात. राख झटकून रोडगा हाताने फोडायचा, तूप ओतायचे आणि वरण व वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचा. रोडग्यांचा स्वयंपाक एकट्यादुकट्याचा कधीच नसतो, आणि जगऱ्याजवळ सहसा पुरुषही बसलेले असतात. घरातल्या चुलीपाशी जे बदलायला वेळ लागला, ते इथे आधीपासून होते.

दुसरे भाजणे नानकटाईचे. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा दिवाळीच्या तोंडावर तूप, पिठीसाखर आणि पीठ डब्यात भरून बेकरीत न्यायचे आणि भट्टीतून भाजून आणायचे, ही महाराष्ट्रातल्या अनेक गावांची रीत होती. पुढे ॲल्युमिनियमचे गोल विजेचे ओव्हन आले. ते नसेल तिथे कुकरची शिट्टी काढून आणि तळाला मीठ पसरून केक होऊ लागले. दह्याचा आंबटपणा खाण्याच्या सोड्याला भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रव्याचा केक अंड्याविना फुगतो, हे रसायनशास्त्र कितीतरी मुली शाळेच्या आधी स्वयंपाकघरात शिकल्या.

इथे माझा एक आग्रह आहे. यवतमाळच्या घरात नानकटाई ज्वारीची व्हावी. ज्वारीत ग्लुटेन नसते, म्हणून तिचा पाव फुगत नाही आणि केक भुगा होतो. नानकटाईला मात्र ग्लुटेन नकोच असते. पिठात चिवट धागे तयार होऊ नयेत म्हणून तर तिच्यात एवढे तूप घालतात. एक वाटी ज्वारीचे पीठ, एक वाटी बेसन, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी घट्ट तूप, चिमूटभर सोडा आणि वेलची. तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेसायची, मग पीठ मिसळून गोळे करायचे आणि १६० अंशांवर १५ ते २० मिनिटे भाजायचे. गरम असताना त्या मऊच लागतात, निवल्यावर खुटखुटीत होतात. कपाशी आणि सोयाबीनने जिल्ह्यातली ज्वारी मागे रेटली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. ज्वारी टिकायची असेल तर भाकरीखेरीज आणखी चार पदार्थांत तिला जागा करून दिली पाहिजे.

दुपारी जेवणे झाली की बायकांच्या हातांना वेगळे काम मिळते. घरच्या कापसातली सरकी काढायची, तो हाताने पिंजायचा आणि वाती वळायच्या. समईची लांब वात, निरांजनातली फुलवात, देवासाठी कुंकू लावलेली वस्त्रमाळ. कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. वळलेल्या तंतूंमधल्या बारीक फटींतून तेल आपोआप वर चढते. वात फार घट्ट वळली तर तेल चढत नाही, सैल राहिली तर काजळी धरते. हा अंदाज फक्त बोटांना असतो.

मुलांचा माल म्हणजे ज्वारीचे धांडे. त्याची वरची साल सोलून काड्या करायच्या, आतला मऊ गर कापून चाके, जू आणि साटा करायचा आणि काड्या टोचून बैलगाडी उभी करायची. खिळा नाही, डिंक नाही. हेच धांडे भुलाबाईलाही लागतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या मुली भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडतात आणि रोज संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणत फिरतात. शेवटी पाच धांड्यांची खोपी उभारतात. गाणी संपली की झाकलेला डबा वाजवून आत कोणती खिरापत आहे ते ओळखायचे. घरच्या बाईने त्या दिवशी काय भाजले किंवा तळले, त्याची अख्ख्या आळीसमोर परीक्षाच असते. पोळ्याला तोरणाखाली म्हणायच्या झडत्याही अशाच, वर्षभर वावरात राबणाऱ्या माणसांनी रचलेल्या. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव भागातल्या गोंड आणि कोलाम वस्त्यांवर दिवाळीच्या दिवसांत दंडारीचा नाच रंगतो. कोलामांच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, बांबूची टोपली पाहिली, की तिच्या विणीत बाजाराने न मागितलेली नक्षी हमखास सापडते.

रात्री सिनेमा. हंगामाचा पैसा हाती आला की जत्रा भरत, आणि जत्रेबरोबर तंबूतली टॉकीज येई. ट्रकवरचे प्रोजेक्टर, ताणून बांधलेला पडदा आणि जमिनीवर मांडी घालून बसलेली कुटुंबेच्या कुटुंबे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या चित्रपटगृहांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात माहितीपटांच्या पुरस्काराच्या परीक्षकांनी त्याचा विशेष उल्लेख केला. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर दूरचित्रवाणीचे जाळे पसरले आणि आळीत ज्याच्याकडे संच, त्याच्या ओसरीवर आठवड्याचा चित्रपट बघायला गर्दी होऊ लागली. आता एका घरात चार माणसे चार पडद्यांकडे बघतात. मला हे नुकसान मोठे वाटते, कारण सिनेमा बघण्याइतकेच त्यावर एकत्र बोलणेही मोलाचे असते.

मुलांसोबत बघण्यासाठी आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) आणि परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) आहेतच. मोठ्यांनी सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) अवश्य पाहावा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपला नवराही तसे काही करील या भीतीने त्यातली अलका त्याला आवडीचे रांधून घालते आणि पोराला त्याच्या मागे पाळतीवर ठेवते. चुलीवरचे अन्न माणसाला धरून ठेवू शकते, यावरचा तिचा विश्वास या भागातल्या अनेक घरांत आढळतो.

यवतमाळला १९७३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते, म्हणजे मराठी कुटुंबांनी एकत्र बसून पाहिलेल्या कितीतरी चित्रपटांचे गीतकार आणि पटकथाकार. त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे संमेलन इथेच झाले. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या आणि उद्घाटन केले कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर अंगणवाडीतले काम आणि शिवणकाम करून संसार सांभाळणाऱ्या येडे श्याम पेठकरांच्या ‘तेरवं’ या नाटकात भूमिका करत होत्या. हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले हे नाटक एकल शेतकरी महिलांनीच उभे केले. पोट भरण्याचे काम आणि रंगमंच यांतले एकही त्यांनी दुसऱ्यासाठी सोडले नाही. या जिल्ह्याबद्दल बोलताना फक्त आत्महत्यांचे आकडे सांगणाऱ्यांनी हे नाटकही सांगावे.

या दिवाळीत फराळाचे एक काम घरातल्या पुरुषांकडे आणि मुलांकडे द्या. एक संध्याकाळ सगळ्यांचे मोबाइल बाजूला ठेवून एकच चित्रपट एकत्र बघा. आणि घरात किंवा शेजारी सत्तरी ओलांडलेली आजी असेल, तर वाती वळता वळता तिच्याकडून भुलाबाईची गाणी वहीत उतरवून घ्या. ती गावागणिक वेगळी आहेत आणि त्यांतली बरीचशी अजून कुठेही लिहिली गेलेली नाहीत.