सोड्याच्या गोणीमागची गोष्ट

ताईंनो, धुण्याची पावडर करणाऱ्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न ठरलेलाच असतो, "सोड्याचा भाव परत कसा काय बदलला?" दुकानदाराला दोष देण्याआधी ही गोणी येते कुठून ते बघू या.

पूर्वी सोडा कारखान्यात होतच नव्हता. खाऱ्या जमिनीत उगवणारी झुडपं जाळायची आणि राखेतून तो काढायचा. आपला सज्जीखार तसलाच. पुढे युरोपात साबण, काच, कापड वाढलं आणि राख पुरेना. तेव्हा फ्रान्समधल्या निकोलस लेब्लांक नावाच्या डॉक्टरने मिठापासून सोडा करायची रीत शोधली, 1791 मध्ये तिचे हक्क मिळवले. पण तिथे राज्यक्रांती चालू होती. सरकारने त्याचा कारखाना घेतला, रीत सगळ्यांना सांगून टाकली. बिचारा 1806 मध्ये कंगाल होऊन गेला आणि पैसा केला तो इंग्लंडच्या कारखानदारांनी.

त्या कारखान्यांच्या धुराड्यांतून ॲसिडचा धूर निघायचा. आजूबाजूची झाडं, पिकं जळायची. 1863 मध्ये तिथे कायदा झाला, की या धुरातलं 95 टक्के ॲसिड कारखान्यानेच अडवायचं. तक्रार करणारे मोठे जमीनदार होते म्हणून ती ऐकली गेली असं मला वाटतं. मजुरांच्या खोकल्यासाठी कोण कायदा करतंय!

त्याच सुमारास बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्वेने मीठ, चुनखडी आणि अमोनिया वापरून सोडा केला. यात अमोनिया परत परत वापरता येतो, म्हणून माल स्वस्त पडतो. पण ही रीत मोजक्या कंपन्यांनी गुपित ठेवली. आपल्याकडे सोडा इंग्लंडहून बोटीने यायचा. 1939 मध्ये टाटांनी गुजरातेत ओख्याजवळ मिठापूरला कंपनी काढली, कारण समुद्राचं मीठ आणि चुनखडी दोन्ही तिथेच. पुढे 2006 मध्ये टाटांनी इंग्लंडमधली सोड्याची जुनी ब्रुनर मॉण्ड कंपनीच विकत घेतली!

आता भावाचं. अमेरिकेत आणि तुर्कस्तानात सोडा जमिनीखालूनच निघतो, फक्त शुद्ध करायचा. तो स्वस्त माल आपल्या बंदरात उतरला की इथला भाव खाली येतो. कोळसा, डॉलर किंवा जहाजाचं भाडं वाढलं की वर जातो. म्हणून खरेदीच्या आधी दोन-तीन व्यापाऱ्यांना फोन कराच. पण स्वस्त मिळाला म्हणून सहा महिन्यांचा साठा नको. सोडा हवेतली ओल धरतो, त्याचे गठ्ठे होतात.

आणि गोणीवरचं नाव वाचून घ्या. पावडरीत लागतो तो सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा. खायचा सोडा वेगळा. कॉस्टिक सोडा तर अगदीच वेगळा, तो कातडी जाळतो आणि डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. तिन्ही पांढरेच दिसतात. डबे वेगळे ठेवा, वर मोठ्या अक्षरात नाव लिहा. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कॉस्टिकच्या डब्यावर लाल फुली मारा, आणि तो डबा पोरांचा हात पोचणार नाही असा उंच ठेवा.