हबचा ढिलेपणा मोजायला कोणता डायल गेज घ्याल?



उसाने भरलेली ट्रॉली रस्त्याने जात असता चाक निखळले, तर नुकसान फक्त ट्रॉलीचे होत नाही. मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या, बैलगाडीवाल्याच्या जिवाशी गाठ असते. चाक निखळण्याची कारणे अनेक असतात. त्यांतले एक मोठे कारण म्हणजे हबमधील बेअरिंग नीट न बसवणे.

ट्रॉलीच्या आणि बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकांत निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगे समोरासमोर बसवलेली असतात. टोकाचा नट जास्त आवळला की बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन वाहते आणि शेवटी रोलर जाम होतात. नट ढिला राहिला तर चाक डुलते, ऑइल सील खराब होते, माती-पाणी आत शिरते आणि बेअरिंग खडखडू लागते. म्हणजे थोडा ढिलेपणा हवा, पण मोजका हवा. कारागीर त्याला 'प्ले' म्हणतात. बऱ्याच हलक्या गाड्यांत तो साधारण ०.०३ ते ०.१३ मि.मी. ठेवतात. आपल्या ट्रॅक्टरचा किंवा ट्रॉलीचा नेमका आकडा मात्र कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा आणि तोच प्रमाण मानावा.

आता कोणी म्हणेल, आम्ही चाक हलवून हातानेच ओळखतो! चाक खूप ढिले असेल तर हाताला कळते, हे खरे. पण ०.०५ आणि ०.२५ मि.मी. यांतला फरक हात खात्रीने सांगू शकत नाही. एक साधा हिशेब पाहा. समजा, नटाचे आटे १.५ मि.मी.चे आहेत आणि त्याला स्प्लिट पिनसाठी सहा खाचा आहेत. नट एक खाच मागे घेतला की प्ले एकदम ०.२५ मि.मी.ने वाढतो. 'एक खाच मागे घे आणि पिन घाल' हा अंदाज म्हणूनच फसतो. मोजूनच काम करावे.

कोणता गेज घ्यावा?

१) प्रकार : सरळ दांडीचा, म्हणजे प्लंजरचा डायल गेज घ्या. त्याची दांडी १० मि.मी. सरकते, त्यामुळे लावताना थोडे मागे-पुढे झाले तरी चालते. लहान बोटासारख्या तरफेचा गेज अडचणीच्या जागी उपयोगी पडतो, पण त्याची हालचाल जेमतेम एक मि.मी.च्या आसपास असते. पहिली खरेदी त्याची नको.

२) लघुतम माप : ०.०१ मि.मी. पुरेसे आहे. तबकडीवर १०० घरे असतात आणि काट्याचा एक फेरा म्हणजे १ मि.मी. होतो. ०.००१ मि.मी. मोजणारा गेज महाग पडतो, धक्क्याने लवकर बिघडतो आणि हबच्या कामात त्याचा काटा नुसता थरथरतो. पुस्तिकेतले आकडे इंचात असतील तर घाबरू नका. इंचाचा हजारावा भाग, म्हणजे एक 'थाऊ', हा ०.०२५४ मि.मी. एवढा असतो.

३) स्टँड : चुंबकाचा, जाड दांड्याचा आणि घट्ट कळीचा घ्या. गेज कितीही चांगला असला तरी स्टँड लवला तर माप खोटे येते. पैसे वाचवायचेच असतील तर स्टँडवर वाचवू नका. चुंबक ओतीव लोखंडाला धरतो, ॲल्युमिनियमला धरत नाही, हेही पाहून घ्या.

४) दुकानातली परीक्षा : दांडी हळूच दाबून सोडा, असे पाच वेळा करा. काटा दर वेळी त्याच घरावर यायला हवा, मध्ये अडकता कामा नये. फीलर गेजचे ०.१० मि.मी.चे पाते सपाट जागी दांडीखाली ठेवा. काटा दहा घरे सरकायला हवा. प्लंजरच्या गेजसाठी भारतीय मानक आय.एस. २०९२ आहे. त्याप्रमाणे बनवलेला माल मागा.

मोजायचे कसे?

ट्रॉली रिकामी आणि सपाट जागी असू द्या. दुसऱ्या चाकांना दगड लावा. आस जॅकवर उचलून खाली भक्कम आधार द्या. नुसत्या जॅकवर काम करू नका. चाक आत दाबून चार-पाच फेरे फिरवा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. स्टँड हबवर बसवा आणि प्लंजरचे टोक आसाच्या टोकावरील स्वच्छ, सपाट भागावर टेकवा. प्लंजर आसाच्या रेषेत सरळ हवा. तो ३० अंश तिरका राहिला तर ०.१० मि.मी.चे माप सुमारे ०.११५ दिसते. दांडी एक-दोन मि.मी. दबू द्या आणि तबकडी फिरवून शून्य जुळवा. आता चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी दोन्ही हातांनी धरून सरळ बाहेर ओढा. काटा जितका सरकला तितका प्ले. तीन वेळा मोजून पाहा.

एका खाचेवर घट्ट आणि पुढच्या खाचेवर ढिले येत असेल, तर वेगळ्या जाडीचा योग्य वॉशर घालून खाच जुळवा. नवी स्प्लिट पिन घातल्याशिवाय ट्रॉली हलवू नका. सीलबंद बेअरिंगच्या हबमध्ये मात्र असे जुळवणे नसते. तिथे प्ले जास्त आला तर बेअरिंगच बदलावे लागते.

गेजच्या दांडीला तेल लावू नका. धूळ चिकटून ती अडकते. कोरड्या फडक्याने पुसून डबीत ठेवा.

हे साधन प्रत्येक घरी असण्याची गरज नाही. पाच-सहा ट्रॉलीवाल्यांनी मिळून किंवा गावच्या वर्कशॉपने एक घेतले तरी पुरे. गळीत हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक हब एकदा मोजून घ्या आणि आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ढिलेपणा किती वाढला, ते त्या वहीवरूनच कळेल.