'दर'वर टॅप केलं, पण दर दिसेना?
समजा भूम तालुक्यातल्या कुंथलगिरी पेढ्याची तुमची एकपानी वेबसाइट आहे. गिऱ्हाईक मेनूत 'दर'वर टॅप करतं, पान सरकतं, पण किलोचा भाव वर चिकटलेल्या हेडरखाली झाकला जातो. त्याला वाटतं भाव दिलेलाच नाही. गेलं की ते दुसरीकडे!

असं का होतं? ब्राउझर तो विभाग स्क्रीनच्या वरच्या कडेला नेऊन लावतो. तिथं हेडर आधीच बसलंय, हे तो धरत नाही.

सीएसएसमध्ये एचटीएमएल टॅगला 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप' द्या. हेडर ७० पिक्सेल उंच असेल तर ८० ठेवा. एकाच विभागाची अडचण असेल तर त्यालाच 'स्क्रोल-मार्जिन-टॉप'. उणे मार्जिनची जुनी युक्ती आता नकोच. मोबाइलवर मेनू दोन ओळींत गेला की हेडर उंच होतं, म्हणून तिथला आकडा वेगळा मोजा.