जित्राब ते जित्राब

टेक्सासमधल्या शुगर लँडचं नाव घेतलं, की गावाकडची मंडळी विचारतात, ‘तिथंही ऊसच का?’ होता एकेकाळी. इंपीरियल शुगरचा इथला कारखाना 2003 मध्ये बंद झाला. आता उसाच्या जागी आमच्यासारख्या आयटीवाल्यांची घरं आहेत. इथं येऊन मी डुकरांची सेवा करीन, असं मात्र कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो.

गोष्ट फेब्रुवारी 2021 ची. ‘उरी’ नावाचं हिमवादळ टेक्सासवर येत होतं. आमच्या घरी शेगडीपासून हीटरपर्यंत सगळं विजेवर. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची नीडव्हिलजवळ तीन एकरांची छोटी शेती आहे. त्याचा रविवारी दुपारी फोन आला, ‘आमच्याकडे गॅस आहे, लाकडाची शेकोटी आहे. रस्ते गोठायच्या आत पोरीला घेऊन या.’ आम्ही गेलो. त्याची बायको नर्स, ती ह्यूस्टनच्या हॉस्पिटलात ड्युटीवर अडकलेली. घरी तो, त्याची पंधरा वर्षांची मुलगी आणि मागच्या शेडमध्ये चार डुकरं.

मध्यरात्रीनंतर वीज गेली. टेक्सासचं वीजजाळं बाकीच्या देशापासून बरंचसं वेगळं आहे, त्यामुळं बाहेरून फारशी मदत येईना. लाखो घरं अंधारात होती. ह्यूस्टन परिसरात पारा शून्याखाली 10 अंशांपर्यंत उतरला. या थंडीत राज्यात दोनशेहून जास्त माणसं गेली, हे नंतर कळलं.

सोमवारी सकाळी सहकाऱ्याची मुलगी डोळ्यांत पाणी आणून उभी. शेडमधल्या पाण्याच्या तोट्या गोठल्या होत्या. चारातलं एक डुक्कर, ‘बिस्किट’, तिचं स्वतःचं. इथल्या शाळांमध्ये एफएफए ही शेती शिकणाऱ्या मुलांची संघटना असते. मुलं जनावर आणतात, वाढवतात, त्याच्या खर्चाची वही ठेवतात आणि प्रदर्शनात उतरवतात. ह्यूस्टनचं पशुप्रदर्शन 1932 पासूनचं. आपल्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतला बैलबाजार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तिथली ईर्षा कळेल. मार्चमधली स्पर्धा महिन्यावर आली होती, आणि त्या पैशांवर तिच्या कॉलेजचा हिशेब होता.

मी गाडीत फोन चार्ज करून वडिलांना लावला. त्यांनी आयुष्यभर म्हशी सांभाळल्या. त्या दिवशी माघी गणेशजयंती. मागून आईचा आवाज, ‘आज सणाचं कुठं डुकरांत शिरलास?’ वडील दोन क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, ‘जित्राब ते जित्राब. खाली कोरडं ठेव, वारा लागू देऊ नको, पोट भरलेलं ठेव आणि पाणी कोमट दे.’

सहकाऱ्यानं नेमकं हेच केलं. कारणं मला काम करता करता समजली. डुकराच्या अंगावर केस विरळ. म्हशीपेक्षा त्याला गारठा लवकर बाधतो, आणि ओल असली तर आणखी. म्हणून आम्ही ओला भुसा ओढून काढला आणि गुडघाभर पेंढा पसरला. चारही डुकरं त्यात नाक खुपसून आत शिरली, फक्त कान बाहेर. उत्तरेकडच्या बाजूला पेंढ्याच्या गासड्या रचल्या, वर ताडपत्री बांधली. मी उत्साहानं वरची फटही बुजवायला निघालो, तर मुलीनं थांबवलं. मुताचा वास आणि श्वासाची वाफ आत कोंडली, तर छाती भरते. वारा अंगावर नको, पण वरून हवा खेळायला हवी.

सगळ्यात मोठं काम पाण्याचं. विजेअभावी विहिरीचा पंप बंद. रविवारीच भरून ठेवलेल्या बाथटबमधून बादल्या भरायच्या, गॅसवर कोमट करायच्या, घसरत शेडपर्यंत न्यायच्या, रबरी टबावरचा बर्फ फोडायचा आणि ओतायचं. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. डुक्कर कोरडं खाद्य खातं, त्याच्या दुपटीहून जास्त पाणी पितं. पाणी तुटलं की खाणं तुटतं, आणि खाणं तुटलं की अंगातली ऊब जाते. फार वेळ पाणी नसेल, तर शरीरातलं मीठ मेंदूवर जाऊन जनावर दगावूही शकतं. खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड. थंडीत ते वाढवायचं, आणि संध्याकाळचं जरा उशिरा द्यायचं, म्हणजे पचनाची ऊब रात्री उपयोगी पडते.

त्यांना थंडी वाजते का, हे कसं ओळखायचं? मुलगी म्हणाली, ‘झोप बघा.’ एकमेकांवर चढून, पाय पोटाखाली घेऊन थरथरत असतील, तर गारठली. कुशीवर पसरून घोरत असतील, तर ठीक. मंगळवारी पहाटे मी बादली घेऊन गेलो, तेव्हा बिस्किट कुशीवर पसरून घोरत होतं. इतकं हायसं मला कुठल्या सॉफ्टवेअर रिलीजनंतरही वाटलेलं नाही.

आणखी एक गोष्ट दिसली. चौघांनी घाण केली होती ती एकाच कोपऱ्यात. झोपायची जागा स्वच्छ. जागा मिळाली, की डुक्कर असंच वागतं. ते पाहून मला शाळेतला एक वर्गमित्र आठवला. त्याच्या घरी डुकरं होती, गावाबाहेरच्या वस्तीत. गणितात तो माझ्यापुढं होता. माझ्या वहीत त्यानं सोडवलेली गणितं असायची. त्याच्या डब्यातला घास मात्र आम्ही कधी घेतला नाही. त्याच्या घरी तर कधीच गेलो नाही. घाण, असं आम्ही म्हणायचो. घाण कुणाची होती?

वादळ सरलं, चारही डुकरं वाचली. मार्चमध्ये बिस्किट स्पर्धेत उतरलं, नंबरात आलं आणि विकलं गेलं. पुढं काय, हे ती मुलगी पहिल्या दिवसापासून जाणून होती, तरी रडली. माझ्या मुलीनं विचारलं, ‘मारायचंच होतं, तर वाचवलं कशाला?’ तिला म्हटलं, जिवंत आहे तोवर त्याला थंडी वाजू द्यायची नाही, एवढं आपल्या हातात असतं. तिला ते पटलेलं नाही. मलाही पूर्ण पटलंय असं नाही.

पुढच्या भारतभेटीत मी त्या मित्राच्या घरी गेलो. वीस वर्षं उशीर झाला होता. त्यानं मागच्या गोष्टी काढल्या नाहीत. चहा ठेवला आणि विचारलं, ‘तिकडं डुकरांना काय घालतात रं?’ मका, पेंड, पेंढा, पाणी... मी सांगत गेलो. मध्येच तो हसला. ‘पेंढ्याचं आमच्या आजीलाबी ठावं होतं,’ म्हणाला, आणि डबा उघडून माझ्यापुढं ठेवला.